जन्माची तौबा कशी करायची?



फिक्हच्या अभ्यासाने माणसाला एक सवय लागते. कुणाच्या तोंडचे वाक्य कितीही साधे असो, त्याचा हुकूम काय, हे तो मनाशी विचारू लागतो. ही बातमी आहे की साक्ष? शंका आहे की तोहमत? आज असेच एक साधे वाक्य आपल्यापुढे ठेवत आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ते अनेक गावांतून ऐकू येते. गोठ्यातली शेळी दिसेनाशी होते, विहिरीवरची मोटार चोरीला जाते, आठवडी बाजारात कुणाचा खिसा कापला जातो आणि कुणीतरी सहज म्हणून जातो, "बेड्यावर जाऊन पाहा."

बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. बोलणाऱ्याने काही पाहिलेले नसते, कुणाचे नावही त्याच्या मनात नसते. त्याने फक्त एका वस्तीकडे बोट दाखवलेले असते. ऐकणारेही मान हलवतात आणि विषय पुढे सरकतो. या वाक्याबद्दल अल्लाहच्या दरबारात जाब द्यावा लागेल, असे त्यांपैकी कुणालाच वाटत नाही. या लेखात त्याच वाक्याचा विचार करायचा आहे.

वाक्यामागचा कायदा

हे वाक्य आपल्या मातीत आपोआप उगवलेले नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार, असा युक्तिवाद त्यामागे होता. आरंभी उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या या कायद्याची व्याप्ती १९११ मध्ये देशभर वाढवण्यात आली आणि १९२४ मध्ये तो नव्याने एकत्रित करण्यात आला. एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली की तिच्यातील माणसांची नावे नोंदवहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून हद्द ओलांडता येत नसे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसवलेली सेटलमेंट होती. जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या त्या जाहीरनाम्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय मूळ कायद्यानेच बंद केली होती. मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याची तरतूदही पुढे झाली.

बाहेरून आलेल्या माणसाने एखाद्या समाजाला आपल्या तराजूत तोलावे, त्याला कमी भरवावे आणि मग त्याच्या लेकरांवरही हक्क सांगावा, हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. कॅनडात मूळनिवासींची मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातली गेली, ऑस्ट्रेलियातही मूळनिवासींच्या घरांतून मुले उचलली गेली. 'रानटी' आईबापांपासून मुले वाचवायची आहेत, हेच कारण तिथेही दिले गेले. २००८ साली त्या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी आपापल्या संसदेत याबद्दल माफी मागितली.

आपल्या देशात गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या आणि तो दिवस त्या आजही मुक्तिदिन म्हणून पाळतात. देश स्वतंत्र झाल्यानंतर त्यांना आणखी पाच वर्षे थांबावे लागले, आणि त्यानंतरही १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी आलेल्या कायद्याची नजर पुन्हा त्यांच्याच वस्त्यांकडे वळली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तकांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, असे पोलिसांनाही त्याच निकालात बजावावे लागले. कायदा जाऊन तेव्हा ७२ वर्षे झाली होती. कागदावरून पुसलेले अक्षर लोकांच्या जिभेवर मात्र शिल्लक राहिले.

मराठी साहित्याच्या वाचकांना हे नवे नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले. दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. समाजाने शिवीसारखे वापरलेले शब्द या लेखकांनी आपल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर छापले. आपण ती पुस्तके परीक्षेसाठी वाचली, त्यांवर उत्तरे लिहिली, गुण मिळवले आणि गावी परतल्यावर पुन्हा "बेड्यावर जाऊन पाहा" म्हणू लागलो.

बोट दाखवल्याने काय होते

एका वाक्याने कुणाचे काय बिघडते, असे वाटत असेल तर दोन घटना आठवाव्यात.

२००३ साली नाशिक जिल्ह्यात दरोडा आणि खुनांचा एक भीषण गुन्हा घडला. त्यात भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी आपलाच निर्णय मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, त्यांचा तपास झालाच नव्हता. सोळा वर्षांनी ही माणसे बाहेर आली. त्या सोळा वर्षांची भरपाई कोणता आदेश करू शकेल?

दुसरी घटना १ जुलै २०१८ ची, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या राईनपाडा गावची. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. मोबाइलवरून फिरणारी अफवा एवढाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा होता. कुणीही पळवलेले मूल दाखवू शकत नव्हते. अनोळखी चेहरे आणि भटक्यांचा वेश, एवढ्यावर निवाडा झाला आणि शिक्षाही झाली.

आणलेल्या बातमीची शहानिशा करा, नाहीतर अजाणता कुणावर आघात कराल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, या आशयाची हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. राईनपाड्यात ज्यांनी काठी उचलली त्यांचा गुन्हा तर उघडच आहे. पण ज्यांनी केवळ बोटाने संदेश पुढे ढकलला, त्यांची गणना कुठे होईल?

मदीनेतील एक चोरी

आता कुरआनकडे वळू. सूरह अन्-निसाच्या १०५ ते ११३ या आयतींच्या अवतरणाची हकीकत तफसीरच्या ग्रंथांत आली आहे. मदीनेत एका घरातून चिलखत चोरीला गेले. संशय मुसलमान म्हणवणाऱ्या एका कुळातील माणसावर होता. आळ दुसऱ्यावर ढकलला गेला. तो कुणावर, याबाबत रिवायतींत फरक आहे. काही प्रसिद्ध रिवायतींनुसार चिलखत एका यहुदी माणसाच्या घरी सापडेल, अशी तजवीज करण्यात आली. चोराचे कुळ एकजुटीने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले आणि आपल्या माणसाची बाजू मांडू लागले. तो काळ कसा होता, हे आपण जाणताच. यहुदी कबील्यांशी संबंध ताणलेले होते, आणि आळ ज्याच्यावर होता तो परका होता. लोकांच्या मनातील तराजू आधीच झुकलेला होता.

अशा वेळी वह्य अवतरली आणि परका माणूस निर्दोष ठरला. खियानत करणाऱ्यांची वकिली करू नका, असा आदेश आला. आज या जगात तुम्ही त्यांच्या बाजूने भांडाल, पण कियामतच्या दिवशी अल्लाहपुढे त्यांच्या बाजूने कोण भांडेल, असा सवाल आला. आणि ११२ व्या आयतीत एक नियम कायमचा घालून दिला गेला: स्वतः गुन्हा करून तो निरपराध्याच्या माथी मारणारा माणूस मोठे कुभांड आणि उघड पाप आपल्या पाठीवर घेतो.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. एका परक्या माणसाच्या अब्रूसाठी आकाशातून वाणी उतरली आणि ती कियामतपर्यंत आपण नमाजमध्ये पढत राहणार आहोत. आपल्या गावात मात्र एका अख्ख्या वस्तीची अब्रू चहाच्या टपरीवर निकालात निघते.

"पण अनुभव तसाच आहे"

इथे एक आक्षेप येणार, आणि तो टाळून चालणार नाही. काही जण म्हणतील, "मौलाना, किताबातले ठीक आहे. पण त्या वस्तीतले लोक चोरीत पकडले जातात, हे खोटे आहे का? सावध राहणे हे पाप कसे?"

सावध राहणे पाप नाही. घराला कुलूप लावा, गोठ्याला कडी घाला, बाजारात खिसा सांभाळा. याला इहतियात म्हणतात आणि ती सर्वांसाठी सारखी असते. कुलूप कुणाची जात विचारत नाही. तोहमत वेगळी असते. ती एका माणसाकडे किंवा एका वस्तीकडे बोट दाखवते. फिक्हचा कायदा आहे की मूळ स्थिती निर्दोषतेची असते आणि पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. संशयाने यकीन हटत नाही. हा कायदा लिहिणाऱ्यांनी त्याला कोणत्याही जमातीचा अपवाद जोडलेला नाही.

अनुभवाचेही थोडे परीक्षण करू. शोध घेणारा दर वेळी एकाच वस्तीत जात असेल, तर नोंदवहीत नावे कोणत्या वस्तीची चढतील? आणि ती नोंदवही उघडून पुढचा माणूस म्हणेल, "पाहा, सगळी नावे तिथलीच." ज्या घरात कधी झडतीच होत नाही, त्या घरातील चोरीचा अनुभव कुणालाच येत नाही. शिवाय फासेपारध्यांचे जगणे रानावर होते. तितर, लावे, ससे फाशात धरायचे आणि विकायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो पिढीजात धंदा गुन्हा ठरला. आपल्या ज्ञानगंगेसारखी अभयारण्ये राखली गेली, ते योग्यच झाले. पण ज्यांच्या चुली त्या रानावर पेटत होत्या, त्यांच्या हाताला दुसरे काम देण्याची घाई त्याच प्रमाणात कुणी केली नाही. जमीन नाही, दाखला नाही, नाव ऐकताच मजुरी नाकारली जाते. भुकेने चोरी हलाल होत नाही. पण ज्याने कामाचे दार लावले, त्याने भुकेल्या माणसाच्या हातांकडे बोट दाखवताना स्वतःच्या हातांकडेही पाहिले पाहिजे.

आणि समजा, त्या वस्तीतील दहा माणसांनी खरोखर चोरी केली. तरी अकराव्यावर त्याचा भार येत नाही. कोणताही भार वाहणारा दुसऱ्याचा भार वाहणार नाही, हे तत्त्व कुरआनने एकदा नव्हे, पाच ठिकाणी सांगितले आहे: अल्-अन्आम, अल्-इस्रा, फातिर, अज़्-ज़ुमर आणि अन्-नज्म या सूरहांत. अल्लाह एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, कारण माणूस ती पुन्हा पुन्हा विसरतो.

चोराला दार, निरपराध्याला भिंत

आता या लेखातील मुख्य गोष्ट. सूरह अन्-निसाच्या ज्या आयती आपण पाहिल्या, त्यांच्या मध्यावर ११० वी आयत आहे. वाईट कृत्य करून, स्वतःवर जुलूम करून जो अल्लाहची क्षमा मागेल त्याला अल्लाह क्षमाशील व दयाळू आढळेल, असे वचन तिच्यात आहे. चोरीची चर्चा चालू असताना, खियानत करणाऱ्याची कडक कानउघाडणी होत असताना, त्याच चोरासाठी तौबाचे दार उघडे ठेवले गेले. पाप करणाऱ्यालाही परतण्याची वाट आहे. तौबा करणारा माणूस पाप न केलेल्यासारखाच होतो, असे हदीसमध्ये आले आहे.

आता "बेड्यावर जाऊन पाहा" या वाक्याकडे परत पाहा. ज्या पारध्याने चोरी केली, तो तौबा करू शकतो. ज्याने केलीच नाही, त्याने कशाची तौबा करायची? त्याचा अपराध एवढाच की तो त्या आईच्या पोटी जन्मला. जन्माची तौबा कशी करायची? कोणत्या पाण्याने वजू करून ती पुसायची? माणसाला त्याच्या कृत्यासाठी दोषी धरणारा त्याला सुधारण्याची संधी तरी ठेवतो. जन्मासाठी दोषी धरणारा सगळी दारे बंद करतो. जो निवाडा अल्लाहनेही दिला नाही, तो देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

प्रत्येक मूल फितरतवर जन्मते, अशी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. इंग्रजांचा कायदा मात्र पाळण्यातल्या बाळालाही भावी गुन्हेगार समजत होता. या दोन गोष्टींवर एकाच वेळी विश्वास ठेवता येत नाही. 'जन्मजात चोर' हा शब्द ज्याच्या तोंडी सहज येतो, त्याने आपल्या अकीद्याचा हिशोब एकदा तपासावा.

हजरत अबू ज़र (रज़ि.) हे फार मोठे सहाबी. एकदा त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. बुखारीच्या रिवायतीत त्या माणसाचे नाव नाही. अनेक भाष्यकारांच्या मते ते हजरत बिलाल (रज़ि.) होते. तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे, असे प्रेषित (स.) यांनी अबू ज़र यांना सुनावले. मूर्ती सोडल्या, पण वंशाचा ताठा राहिला तर जाहिलियत गेली नाही, हा त्याचा अर्थ. एवढ्या मोठ्या सहाबींना जे सांगावे लागले ते तुम्हा-आम्हाला लागू नाही, असे कुणी म्हणू शकेल?

हा घाव आपल्यालाही ठाऊक आहे

नावावरून होणारा निवाडा कसा असतो, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. शहरात भाड्याची खोली शोधताना नाव सांगितल्यावर जो थंडपणा येतो, तो आपल्या घराघरातील मुलांनी अनुभवलेला आहे. २००६ च्या मालेगाव स्फोटांनंतर पकडलेल्या मुस्लिम तरुणांना दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले. तेव्हा आपण म्हणालो की एकाच्या संशयावरून सगळ्यांना तोलू नका. ते म्हणणे न्याय्य होते. पण हा न्याय केवळ आपल्यासाठी मागितला तर तो न्याय राहत नाही, ती कुळाची वकिली होते. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंदही आहेत, ज्यांच्यात मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. खोटी नाणी पाडणारी जमात म्हणून इंग्रजांनी त्यांच्यावर शिक्का मारला होता. तो कायदा आपल्या घरापर्यंतही येऊन गेला आहे.

आणि उंबऱ्याच्या आतही पाहू. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत तडवी भिल्ल बांधव राहतात. ते आदिवासी आहेत आणि मुसलमानही आहेत. बाहेरचे त्यांना सवलतीवर आलेले म्हणून हिणवतात. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी जीवन संपवले. जातीवरून छळ झाल्याचा त्यांच्या कुटुंबाचा आरोप आहे आणि निवाडा न्यायालय करील. पण आपण काय करतो? त्यांची नावे, त्यांची गाणी, त्यांची बोली पाहून "हे कसले मुसलमान?" असे म्हणणारे आपल्यातच आहेत. दीन शिकवायला जाणाऱ्याच्या नजरेत तुच्छता असेल तर तो दीन देत नाही, स्वतःच्या घराण्याचा रुबाब दाखवतो. सोयरिकीची गोष्ट निघाली की तक्वा कुणी विचारत नाही, कूळ विचारतात. अल्-हुजुरातच्या तेराव्या आयतीने कबीले ओळखीसाठी केले आहेत, आणि प्रतिष्ठा तक्वाला दिली आहे. आपण ओळखीचे साधन उतरंडीसाठी वापरले.

करण्यासारखे काही

उपदेशावर थांबणे बरे नव्हे. पहिली गोष्ट जिभेची. पुरावा नसताना वस्तीचे नाव घ्यायचे नाही, आणि कुणी घेतले तर "तुम्ही पाहिले का?" एवढे विचारायचे. सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत स्वतःच्या, आईबापांच्या वा आप्तांच्या विरोधात गेली तरी खरी साक्ष द्या, असा आदेश आहे. बेड्यावरचा माणूस त्या दिवशी आपल्या शेतात राबत होता, हे ठाऊक असेल तर ठाण्यात जाऊन सांगणे ही साक्ष आहे, आणि ती लपवणे गुनाह आहे.

दुसरी गोष्ट कामाची. सोंगणीला, बांधकामाला, दुकानात हात लागतात, तेव्हा नाव ऐकून दार लावू नका. ठरलेली मजुरी द्या आणि वेळेवर द्या.

तिसरी गोष्ट मुलांची. अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चवाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी समाजातील शिक्षकाने पारध्यांच्या मुलांसाठी शाळा उभारली. शाळेचे नाव ठेवले 'प्रश्नचिन्ह'. आपल्या मेहकर, सिंदखेडराजाच्या शिवारातून धावणारा समृद्धी महामार्ग त्या शाळेवरूनही गेला आणि तिची काही बांधकामे पडली. शाळा मात्र त्यांनी सोडली नाही. आपल्या गावच्या शाळेत बेड्यावरचे मूल आले, तर आपल्या लेकराला त्याच्या शेजारी बसू द्या. ते डबा वाटून खातील. वर्गात पेन हरवले तर पहिली नजर त्या मुलाकडे वळू नये, हे घरी शिकवा. हे शिकवायला आलिम असावे लागत नाही, आईबाप असणे पुरे.

कियामतच्या दिवशी प्रत्येक जण एकटा उभा राहील. तिथे ना कूळ सोबत असेल, ना वस्ती. तिथे आपला निवाडा आपल्या जन्मावरून होणार नाही, हीच तर आपली सगळी आशा आहे. जी आशा आपण अल्लाहकडून ठेवतो, ती बेड्यावरच्या माणसाला आपल्याकडून ठेवता यावी.

अल्लाह आपल्या जिभा तोहमतीपासून आणि आपली मने वंशाच्या ताठ्यापासून सुरक्षित ठेवो. आमीन.